तरतूद आहे, मग पैसे कुठे आहेत?

वाचकांचे प्रश्न : सामाजिक योजनांवरील खर्चाची कपात

गेल्या अंकात निराधार अनुदानाविषयीच्या एका पत्राला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून त्याच विषयाची आणि इतर सामाजिक योजनांच्या कपातीविषयीची इतकी पत्रे आली की या वेळी सदराची सर्व जागा त्यांनाच देण्याचे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी वगळली आहेत. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत बत्तीस वर्षे काढली असल्यामुळे आकड्यांची बाजू जरा सविस्तर मांडत आहे, आणि वाचकांनी ती कंटाळा न करता वाचावी अशी विनंती आहे, कारण या योजनांची कपात शोधायची तर ती आकड्यांतच शोधावी लागते.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला श्रावणबाळ योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळतात. यंदा मार्च, एप्रिल आणि मे असे तीन महिने पैसे आले नाहीत. तहसील कार्यालयात 'वरून निधी नाही' असे सांगतात. वर्तमानपत्रात मात्र सामाजिक योजनांच्या तरतुदीत कपात केलेली नाही, असे छापून येते. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? (एक वाचक, राजापूर)

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. विधिमंडळात मार्च महिन्यात जो मांडला जातो तो खर्चाचा अंदाज असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ मध्ये त्याला वार्षिक वित्तीय विवरणपत्र म्हटले आहे. एखाद्या योजनेच्या लेखाशीर्षापुढे, म्हणजे हिशेबातील तिच्या खात्यापुढे, त्यात आकडा लिहिला गेला, याचा अर्थ तेवढा खर्च करण्याची परवानगी शासनाला मिळाली, इतकाच असतो. पुढे वर्षभर वित्त विभाग तिजोरीतील आवक पाहून प्रत्येक विभागाला टप्प्याटप्प्याने निधी वितरित करतो आणि महाराष्ट्रात त्याची नोंद 'बीम्स' या संगणकीय प्रणालीवर होते. आवक कमी पडली किंवा दुसरीकडे मोठा खर्च निघाला की हा हात आखडता घेतला जातो. त्या वेळी अर्थसंकल्पाच्या पुस्तकातील आकडा जागच्या जागी असतो आणि तहसीलदारांकडे वाटायला काही नसते.

म्हणून एका वर्षासाठी एकाच योजनेपुढे तीन आकडे तयार होतात. पहिला मूळ अंदाज, दुसरा वर्ष सरत आल्यावर मांडलेला सुधारित अंदाज, आणि तिसरा त्यानंतरच्या पुस्तकात येणारा प्रत्यक्ष खर्च. बातमी पहिल्या आकड्याची होते. दुसरा आणि तिसरा आकडा पाहण्यासाठी पुस्तक उघडणारे फार थोडे असतात, आणि ज्याच्या पासबुकावर त्यांचा परिणाम होतो त्याच्यापर्यंत तर ते पुस्तक कधी जातच नाही.

एक आठवण सांगतो. मी ज्या कार्यालयात होतो तेथे एका वर्षी अंगणवाड्यांच्या वजनकाट्यांसाठीचा निधी ३१ मार्चच्या संध्याकाळी वितरित झाला. देयक तयार करून कोषागारात नेईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले, लेखाशीर्षातील एक अंक चुकल्याचे तेथे लक्षात आले, आणि दुरुस्ती होईपर्यंत वर्ष संपले. रक्कम व्यपगत झाली, म्हणजे ती खर्च करण्याची मुदतच संपली. त्या वर्षीच्या हिशेबात 'अखर्चित' असा एकच शब्द उमटला. पुढचे वर्षभर त्या गावांतील सेविका मुलांना शेजारच्या गावातून उसना आणलेल्या काट्यावर तोलत होत्या. ही कपात कोणत्याही सभागृहाने मंजूर केली नव्हती, तरी ती झाली.

आता आपल्या आईंच्या १५०० रुपयांकडे येऊ. दारिद्र्यरेषेखालील यादीत त्यांचे नाव असेल, तर यातील केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. हा वाटा ज्यातून येतो तो केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा वृद्धांसाठीची रक्कम ७५ रुपये होती. २००७ साली ती २०० रुपये होती आणि साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी ती तेथेच थांबली. ऐंशी पूर्ण झाल्यावर केंद्राचा वाटा ५०० रुपये होतो. २००७ मध्ये २०० रुपयांत जेवढा किराणा येत असे, तेवढ्यासाठी आता साधारण तिप्पट पैसे मोजावे लागतात. म्हणजे एक रुपयाही न कापता या मदतीचे दोन तृतीयांश मोल निघून गेले आहे. या संपूर्ण कार्यक्रमासाठी २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे ९,६५२ कोटी रुपये होते आणि २०२५-२६ मध्येही आकडा ९,६५२ कोटींचाच होता. माझ्या मते जागचा न हललेला आकडा ही सर्वांत मोठी कपात असते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा कुणी काढत नाही.

राज्याने आपला भार उचलला आहे, हेही सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांची रक्कम १००० वरून १५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ती २५०० करण्याचा निर्णय झाला. ही वाढ योग्य होती आणि ती आणखी आधी व्हायला हवी होती. परंतु वाढलेली रक्कम तीन महिने थकली, तर त्या तीन महिन्यांपुरता वाढीचा उपयोग शून्य असतो.

आणि आपल्याकडे ते तीन महिने नेमके कोणते आहेत ते पाहा. एप्रिल-मे म्हणजे आगोटीचे, पावसाळ्याची बेगमी करण्याचे दिवस. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सुके बांगडे, चुलीची लाकडे आणि घराच्या पाखावर घालायचे ताडपत्रीचे कापड, हे सारे मिरगापूर्वी घरात यावे लागते. एकदा पाऊस लागला की वाडीतून पाखाडी उतरून एसटीच्या थांब्यापर्यंत जाणे साठीतल्या माणसालाही जड जाते, मग ७८ वर्षांच्या बाईंचे काय सांगावे? मेअखेर हातात आलेले साडेचार हजार आणि ऑगस्टमध्ये एकरकमी आलेले साडेचार हजार हिशेबनिसाच्या वहीत सारखेच दिसतात. आजीबाईंच्या घरात ते सारखे नसतात. मधल्या काळात दुकानदाराची उधारी झालेली असते, आणि उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार पावसाळ्यात कोणत्या भावाने माल देतो ते आपण सर्व जण जाणतो.

आपण प्रथम एवढे करावे. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होऊ लागले आहेत, तेव्हा आईंचे कोणते खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत खात्री करावी. पैसे दुसऱ्याच जुन्या खात्यात पडत असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यांचा हयातीचा दाखला या वर्षी नोंदला गेला आहे का, हेही विचारावे. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर दोष आपल्याकडचा नाही. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क लावून तहसील कार्यालयाला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात: या योजनेसाठी तालुक्याला मार्च, एप्रिल व मे महिन्यांत किती निधी कोणत्या तारखेला मिळाला, आणि मागणी किती व कोणत्या तारखेला पाठवली होती. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तारखा हातात आल्या की निधी कोठे अडला ते दिसते, आणि मग 'वरून' या शब्दामागे कुणाला लपता येत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत पहिली ते पाचवीची अकरा मुले आहेत. आठवड्यातून एकदा अंडे मिळत होते ते बंद झाले. आता लोकसहभागातून अंडी द्यावीत असे सांगतात. अकरा अंड्यांचा खर्च काही फार नाही, गाव तो करील. पण हे योग्य आहे का? (शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्या, गुहागर)

खर्च फार नाही हे आपण प्रांजळपणे लिहिले आहे, म्हणून मीही प्रांजळपणे लिहितो. गावाने अंडी जरूर द्यावीत, पण हे योग्य नाही.

शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी, देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखर यांसाठी स्वतंत्र निधी देणे थांबवण्यात आले आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी हे पदार्थ लोकसहभागातून द्यावेत असे ठरले. शाळेतील जेवण हे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने मुलांना मिळालेला हक्क आहे. प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत असे त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. ते जेवण एखाद्या परिपत्रकाने बंद करता येत नाही. अंडे मात्र राज्याच्या निर्णयाने आले होते आणि राज्याच्या निर्णयानेच गेले. कायद्याने दिलेले आणि निर्णयाने दिलेले यांतील हा फरक प्रत्येक व्यवस्थापन समितीने समजून घ्यावा, कारण खर्च कमी करण्याची वेळ आली की पहिली कात्री दुसऱ्या प्रकारावर चालते.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या दिवसाच्या प्रमाणाच्या निम्मी. डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन यांसाठी प्राथमिक वर्गातील एका मुलामागे डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे आणि मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे असा दर होता. तांदूळ त्याव्यतिरिक्त मिळतो. या पैशांत अंडे बसवावे असे म्हणणे म्हणजे आडात नसलेले पोहऱ्यात शोधणे आहे. आपल्या स्वयंपाकी-मदतनीस ताई डाळीला किती पाणी घालतात ते एकदा जवळ उभे राहून पाहा आणि त्यांना दोष देऊ नका.

लोकसहभागाला माझा विरोध नाही. कोकणातल्या किती तरी शाळांची छपरे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी उभी केली आहेत, आणि गणपतीला आलेला चाकरमानी शाळेला पंखा देऊन जातो हे आपण दरवर्षी पाहतो. पण ज्या गावाचे मंडळ भक्कम आहे, किंवा ज्याच्या जवळ जयगडसारखे बंदर अथवा लोट्यासारखी औद्योगिक वसाहत आहे, तेथे देणगीदार मिळतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाडीत, जेथे एका खोलीत सात मुले शिकतात आणि जेथून मुंबईला गेलेला माणूसही तेथे हमालीच करतो, तेथे देणगीदार कोठून यावा? ज्या मुलाला अंड्याची गरज सर्वांत अधिक आहे, त्याच्याच गावाला ते परवडत नाही. कर सर्वांकडून गोळा करून सर्वांच्या मुलांना सारखे वाढावे, यासाठीच तर शासकीय योजना असते.

म्हणून आपल्या समितीने अंडी सुरू करावीत आणि त्याच सभेत ठराव करावा की हा खर्च ग्रामस्थ तात्पुरता करत असून शासनाने निधी पूर्ववत द्यावा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि आमदारांना पाठवावी. ठरावाविना दिलेली देणगी पुढच्या वर्षी 'येथे लोकसहभाग उत्तम आहे' अशा नोंदीत रूपांतरित होते.

अंगणवाडीविषयीही आपण ओझरते लिहिले आहे. तेथील पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये एका मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तोच राहिला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात दर वाढवण्याची घोषणा झाली. आपल्या अंगणवाडीला आज कोणता दर मिळतो, ते सेविकाताईंना विचारून फलकावर लिहून घ्यावे.

प्रश्न : लाडकी बहीण योजनेमुळे इतर योजनांचे पैसे कापले गेले, असे आमच्या महाविद्यालयात सगळे म्हणतात. माझ्या आईला ते १५०० रुपये मिळतात आणि त्यातूनच माझे एसटीचे पास व वह्या येतात. आम्ही कुणाच्या तोंडचा घास घेतला आहे का? (एक विद्यार्थिनी, मालवण)

बाळ, तुझ्या आईने कुणाचाही घास घेतलेला नाही. ती पात्र आहे, तिने अर्ज केला आणि तिला रक्कम मिळाली. तुझ्या मनात ही टोचणी निर्माण झाली याचे मला वाईट वाटते.

तुझ्या प्रश्नात वस्तुस्थितीचा भाग मात्र आहे. ही योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि जुलैपासून लागू झाली. २०२५-२६ साठी तिच्याकरिता ३६,००० कोटी रुपयांची तरतूद होती. त्या वर्षी राज्याचा एकूण अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा आणि महसुली तूट, म्हणजे महसुली खर्चाला महसूल जेवढा कमी पडतो ती रक्कम, सुमारे ४५,८९१ कोटींची होती. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज हे खर्च टाळता येत नाहीत. उरलेल्या भागात एक मोठा खर्च नव्याने बसवायचा, तर बाकीच्यांना सरकून बसावे लागते. मे २०२५ मध्ये या योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवण्यात आले, आणि सामाजिक न्याय विभागाच्या मंत्र्यांनीच त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती-जमातींच्या भगिनीही या योजनेत आहेत, म्हणून त्यांच्यासाठीचा निधी त्यांच्यावरच खर्च झाला, असा शासनाचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मला पटत नाही. अनुसूचित जाती आणि आदिवासी यांच्यासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवण्याची पद्धत देशात १९७० च्या दशकापासून आहे, आणि ती सर्वांना मिळणाऱ्या लाभाच्या जोडीला काही अधिक मिळावे म्हणून आहे. रायगडच्या सुधागड किंवा कर्जत तालुक्यातील कातकरी वाडीतील बाईला १५०० रुपये मिळाले ही चांगली गोष्ट झाली. तिच्या मुलीच्या वसतिगृहाची दुरुस्ती त्याच पैशांतून व्हायची होती, तर ती आता कशातून व्हावी?

तुझ्या वर्गात हा विषय पुन्हा निघाला तर एवढे सांग की भांडण मालवणच्या आईचे आणि सुधागडच्या आईचे नाही. कोणत्या खर्चासाठी नवे उत्पन्न शोधायचे आणि कोणता खर्च दुसऱ्या गरिबाच्या वाट्यातून भागवायचा, हे ठरवणाऱ्यांना त्याचा जाब द्यावा लागतो, आणि तो विचारण्याचा तुला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मताचाही अधिकार आहे. वह्या जपून वापर आणि शिक.

प्रश्न : १९९२ साली रोजगार हमीतून वडिलांनी कातळाजवळच्या वरकस जमिनीत काजू लावला. त्यावर आमचे घर उभे राहिले. आता रोजगार हमीचा कायदाच बदलला असे ऐकतो. आमच्यासारख्यांना काय फरक पडेल? (एक बागायतदार, संगमेश्वर)

आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण सामाजिक योजनेवरचा खर्च वाया जातो असे म्हणणाऱ्यांना दाखवण्यासाठी आपली बाग हा उत्तम पुरावा आहे. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाई. म्हणजे ठाण्या-मुंबईच्या पगारातून कापलेल्या पैशांनी खेड्यातल्या हाताला काम मिळत असे आणि त्या पैशाला दुसरी वाट नव्हती. १९९० मध्ये तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणात लाखो खड्डे खणले गेले. आपल्या वडिलांच्या काळात खड्डा खणण्याची मजुरी, कलम आणि पहिल्या वर्षांची निगा यांसाठी मिळालेले अनुदान आज तीस वर्षांहून अधिक काळ फळ देत आहे.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राकडे होता आणि काम मागेल तसा निधी यावा अशी रचना होती. प्रत्यक्षात मजुरी वेळेवर मिळत नसे ही तक्रार आपणही केली असेल. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, ही वाढ आहे. त्याच वेळी महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६० आणि ४० टक्के अशी झाली असून, केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे. शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. आमच्या भागात भातलावणीला मजूर मिळत नाही म्हणून बागायतदार या तरतुदीचे स्वागत करतील. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याची सौदा करण्याची ताकद मात्र त्या साठ दिवसांत कमी होते. आपल्या बागेत काम करणाऱ्या गड्यालाही हा प्रश्न विचारून पाहावा.

आपल्या प्रश्नाचे उत्तर राज्याच्या ४० टक्क्यांवर अवलंबून आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वर्णिलेली निधी वितरणाची ओढाताण तेथेही चालणार असेल, तर १२५ दिवस कागदावर राहतील. ग्रामसभेत फळबागेच्या कामांचा आराखडा आताच मंजूर करून घ्यावा आणि प्रत्येक कामाची मागणी लेखी देऊन पोच घ्यावी. मागणीची नोंदच नसेल, तर निधी कमी पडला असे सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : माझी विधवा आत्या मंडणगड तालुक्यात एकटी राहते. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली म्हणून तिचे अनुदान बंद करू असे सांगण्यात आले. मी तिला दरमहा दोन हजार रुपये पाठवतो. मी पाठवणे बंद करू का? (एक वाचक, डोंबिवली)

कृपा करून बंद करू नका.

निराधार अनुदानासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १७५० आणि दिवसाला सुमारे साडेसत्तावन्न रुपये. काजूच्या हंगामात कुणाच्या बागेत पंधरा-वीस दिवस बोंडे गोळा करायला गेलेली, आणि उरलेल्या वर्षात थोडीफार कामे मिळालेली कोणतीही धडधाकट बाई ही मर्यादा ओलांडते. मजुरी वाढली, भाव वाढले आणि मर्यादा कित्येक वर्षे तेथेच राहिली, त्यामुळे दरवर्षी काही माणसे गरिबीतून बाहेर न येताच यादीतून बाहेर पडतात. पात्रतेची अट जागीच ठेवणे हाही कपातीचाच एक प्रकार आहे, आणि त्याचा आकडा अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर छापला जात नाही.

आत्यांच्या कुटुंबात आपण येता का, हा मूळ मुद्दा आहे. शिधापत्रिकेवर त्या एकट्याच असतील आणि आपण वेगळ्या गावी वेगळ्या शिधापत्रिकेवर राहत असाल, तर आपण आपुलकीने पाठवलेली रक्कम त्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न कशी ठरते, ते लेखी विचारावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार तलाठ्यांच्या अहवालावरून देतात, तेव्हा अहवालात नेमके काय लिहिले आहे त्याची प्रत मागावी. 'बंद करू' असे तोंडी सांगणे म्हणजे आदेश नव्हे. आदेश लेखी असावा लागतो, त्यात कारण द्यावे लागते, आणि त्याविरुद्ध वरिष्ठांकडे दाद मागता येते.

आत्यांना एकट्याने तहसीलला पाठवू नका. गणपतीला गावी याल तेव्हा सुट्टीचा एक दिवस यासाठी राखून ठेवा, पण तो सरकारी सुट्टीचा नसेल हे आधी पाहा. शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, आधारपत्र, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि मागील वर्षीचा उत्पन्नाचा दाखला यांच्या दोन-दोन प्रती बरोबर ठेवा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.